डचवाले इंग्रजीत, आपण हिंदीत

"काय गं वहिनी, सकाळधरनं फोन कानाला? लेकीचा का?"

"तिचाच, अक्का. हॉलंडातल्या आइंडहोवनहून. डच शिकायला घेतलंय तिनं, पण बोलायला माणूस मिळंना म्हणते."

"आं? त्यांच्याच देशात?"

"तीच तर गंमत. ही घोकून ठेवलेलं वाक्य बेकरीत म्हणते, की काउंटरवरची पोरगी लगेच इंग्रजीत सुरू. जावयांच्या कंपनीत जगभरची माणसं, तिथंही इंग्रजीच."

"मग भागतंय की! कशाला खटाटोप?"

"पाच वर्षांनी कायमचं राहायचं तर सरकारी परीक्षा आहे. वाचायचं, लिहायचं, ऐकायचं ते पुस्तकावरनं जमेल. तोंड कुठं सोडवायचं?"

"जाण्याआधी इथंच शिकायची होती."

"कुणाकडं? डच आले ते वेंगुर्ल्याला, १६३७ साली. महाराज तेव्हा लहान होते. आता पडकी वखार तेवढी उरलीय. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात डच लोकांच्या साथीनं भाजीपाल्याचं केंद्र आहे खरं, पण तिथं माणूस भाजीपाल्यासाठी जातो, भाषेसाठी नाही."

"मग आता?"

"वाचनालय गाठलं तिनं. तिकडं वाचनालयात 'तालकॅफे' भरतो. कॉफी घ्यायची आणि डचमधनं गप्पा मारायच्या. गावातलीच माणसं स्वखुशीनं येऊन बसतात. कुठं कुठं तर एकेकाला सोबती जोडून देतात. त्याच्याबरोबर फिरायचं, बाजार करायचा आणि बोलत राहायचं. विषय काय, पाऊसपाणी! पाऊस तिकडं बारमाही, त्यामुळं विषय संपत नाही."

"बरं आहे की."

"आणखी ऐका. एप्रिलच्या २७ तारखेला त्यांच्या राजाचा वाढदिवस. त्या दिवशी पोरं रस्त्यावर पथारी टाकून जुनी खेळणी विकतात. बारक्या पोरांना इंग्रजी कुठलं? हिनं घासाघीस करकरून आकडे पक्के केले."

"घासाघीस तर तुझ्याकडनंच घेतलीय!"

"अन् हेगला नणंदेकडं गेली, तिथं तर आजीच मिळाली. सुरिनामची. आपल्याकडच्या मजुरांना १८७३ पासनं कलकत्त्याहून जहाजानं तिकडं उसाच्या मळ्यांवर नेलं, त्यांच्या वंशातली. पहिलं जहाज 'लल्ला रूख'. पुढं १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झालं, त्या सुमारास हजारो माणसं हॉलंडात आली. आजी घरात भोजपुरीसारखी सरनामी बोलतात आणि बाहेर फर्डं डच. शब्द अडला की ही हिंदीत विचारते, त्या डचमध्ये सांगतात. आजींना इंग्रजीचा कंटाळा, ते हिच्या पथ्यावर पडलं."

"ती म्हातारी शहाणी. त्या बेकरीवालीला मात्र काय म्हणावं? लेकरू शिकतंय तर दोन शब्द बोलावं की!"

"अक्का, रागावू नका, एक बोलू? तुमच्या खोलीत ती ओडिशाची भाडेकरू राहते, एमआयडीसीतल्या ऑपरेटरची बायको. परवा दारात येऊन 'काकू, दूध आहे का' म्हणाली. चांगलं मराठीत. तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणाले?"

"'दूध खतम हो गया, कल आव!'"

"अगं, तिला समजावं म्हणून..."

"बेकरीवालीही हेच म्हणत असंल."

"...हां. खरं आहे बाई. मायाच ती, पण आडवी येणारी. बरं, उद्यापासनं तिच्याशी मराठीच. नवरात्रात फिरंगाईच्या देवळात घेऊन जाते, बायकांत बसली की सुटंल तोंड."

"सावकाश बोला फक्त. आणि अडखळली तर हिंदीत धावू नका."

"नाही धावत. पण पुढची पंचाईत सांग. ती मराठी शिकली, तर तिचा विषय आपण कुंपणाशी काढायचा कसा?"

"डचमधनं, अक्का! लेकीला सांगते, रविवारी व्हिडिओ कॉलवर आपली दोघींची शिकवणी घे. तिलाही बोलायला माणसं मिळतील."