जागेवरून न उठता शीड हाकण्याचे प्राथमिक धडे

अभिनंदन! पावसाळाभर बोट किनाऱ्यावर ताडपत्रीखाली होती आणि तुमच्या हाती कॅटलॉग होता. आता ती पुन्हा मुंबई बंदरात उतरली आहे. नवे सामान तिला शोभते. तुम्हाला सवय व्हायला थोडा वेळ लागेल, एवढेच.

१. आधी बोया सोडू नका. शीड चढवायचा दोर, म्हणजे हॅलयार्ड, पूर्वी डोलकाठीपाशी उभे राहून ओढायचात. आता तो बुडाशी एका कप्पीतून वळतो, छपरावर दुसरीतून, मग खटक्यातून कॉकपिटात येतो. प्रत्येक वळणावर घासतो, म्हणून जड लागतो. घाबरू नका, विजेचे विंच बसवा. विंचला मोठी बॅटरी लागते, बॅटरीला सोलर पॅनल, पॅनलला जागा. जागेसाठी मोठी बोट पाहून ठेवा.

२. दोरांचे रंग पाठ करा. हॅलयार्ड पांढऱ्यावर निळा, शीड आखूड करायचा, म्हणजे रीफचा, निळ्यावर पांढरा. तिन्हीसांजेला दोन्ही करडे. तांडेलाने "शेठ, कुठला सोडू?" विचारले तर ठामपणे म्हणा, "तोच!"

३. फर्लर. दोर ओढला की पुढचे शीड स्टेभोवती, म्हणजे डोलकाठीच्या पुढच्या तारेभोवती, चटईसारखे गुंडाळले जाते. वरच्या टोकाला हॅलयार्डचा कोन चुकला, तर शीड राहते बाजूला आणि हॅलयार्डच स्टेला वेटोळे घालतो. शीड अर्धे उघडे, वारा वाढतोय. अशा वेळी फर्लरचा दोर विंचवर घेऊ नये, असे जाणकार बजावतात. हाताला अडकल्याचे कळते, मोटरीला कळत नाही. ती स्टे तुटेपर्यंत निष्ठेने ओढते. तुम्ही बटण दाबणारच, नवे आहे ना! स्टे गेला की डोलकाठीचा पुढचा आधार गेला. हॅलयार्ड जड लागतो ही तक्रार मात्र कायमची मिटते.

४. लेझी जॅकचे दोर उतरणारे शीड बूमच्या आडव्या काठीवर अलगद झेलतात. शीड चढताना त्यातल्या बॅटनच्या पट्ट्या तितक्याच मायेने अडवतात. उपाय सोपा: बोटीचे नाक थेट वाऱ्यात धरा. दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात, गेटवेसमोर, चहूकडून लाँच येत असताना.

५. डायनीमाचा दोर वजनाच्या मानाने पोलादी तारेहून मजबूत, वर पाण्यावर तरंगतो. गुळगुळीत इतका की साधी गाठ सरकते. दोर दोरातच ओवायचा, म्हणजे स्प्लाइस, शिका. तोवर निदान तरंगताना सापडेल.

६. सेल्फ-टॅकिंग जिब, म्हणजे पुढचे शीड, बोट वळली की आपण होऊन बाजू बदलते. त्यासाठी ती डोलकाठीच्या पुढेच मावेल इतकी लहान शिवतात, म्हणून सकाळच्या मंद वाऱ्यात बोट ढिम्म. उधाणाच्या ओहोटीत तर मांडव्याऐवजी प्रॉन्ग्सच्या दीपगृहाकडे वाहू लागेल. इंजिन चालू करा. मांडव्याच्या लाँचमधले लोक पुढे जाताना हात हलवतील. तुम्हीही हलवा, दोन्ही मोकळेच आहेत.