शिफ्ट पाच वेळा

शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबून बघा. विंडोज चौकट पुढे करतं, ‘स्टिकी कीज’ चालू करू का? आपण करवादून ‘नाही’ म्हणतो आणि ही ब्याद कायमची कशी घालवायची ते घरातल्या पोराला विचारतो.

ही ब्याद १९९५ पासून विंडोजमध्ये आयतीच बसवलेली आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबायला दोन हात लागतात. ज्याचं एकच बोट चालतं किंवा जो तोंडात काडी धरून टाइप करतो, त्याला स्टिकी कीजमुळे तीच बटणं एकामागून एक दाबता येतात. थरथरत्या हातानं तेच बटण पुन्हा दाबलं गेलं, तर ‘फिल्टर कीज’ ते मनावर घेत नाही. ‘माउस कीज’मुळे आकड्यांच्या बटणांवरून पडद्यावरचा बाण हलतो. जादा पैसे? शून्य.

यंत्राला एवढी समज आली. मग त्यावर आपण पोर्टलं चढवली.

आता काडीवाल्या माणसाने अर्ज भरायला घ्यावा. नाव, पत्ता, पिनकोड, एकेक अक्षर टिपत. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. नवा मागवावा, तर चित्राचा तुकडा ओढून खाचेत बसवा, म्हणजे तुम्ही रोबो नाही हे कळेल. तो कसाबसा बसवला, की ‘आपले सत्र समाप्त झाले आहे’. पुन्हा नावापासून सुरुवात.

सुरक्षेसाठी करावं लागतं हो, असं साहेब सांगतात. वेबच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत यावर २००८ पासून तोडगा आहे : वेळ संपण्याआधी विचारा, उत्तराला किमान २० सेकंद द्या आणि एखादं बटण दाबून मुदत निदान १० वेळा वाढवू द्या. विचारा, एवढंच. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावणं अशक्य असलेल्या अ‍ॅसिडहल्ल्यातल्या पीडितांना मात्र सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल एप्रिल २०२५ मध्ये लागला.

पोर्टलांनी सोय केलेलीच नाही असं नाही. कोपऱ्यात व्हीलचेअरचं निळं चित्र असतं. माउसने टिचकी मारली की अक्षरं मोठी होतात. टॅब दाबत गेलं तर कित्येकदा त्या चित्रापर्यंत पोचताच येत नाही!

पुढच्या पोर्टलाच्या उद्घाटनाला मंत्रिमहोदयांसमोर माउस ठेवूच नका. टॅब आणि एंटरवर एक अर्ज भरून दाखवू द्या. फीत मागाहून कापू.