डब्याची घाई नाही हं

जी बाई फराळाचा डबा हातात देऊन वळता वळता ‘डब्याची घाई नाही हं’ म्हणते, तिच्याइतकी घाई जगात दुसऱ्या कुणालाही नसते. रात्री साडेनऊला हे वाक्य उच्चारलं जातं आणि सकाळी सातला, आपल्या तोंडात ब्रश असताना, ती दारात हजर. ‘सहज आले होते,’ असं म्हणते. नजर मात्र आपल्या खांद्यावरून थेट ओट्यावर.

आमच्या सांगलीच्या गावभागात हिला आक्का म्हणतात. तुमच्याकडे काकू असेल, माई असेल. वसुबारसेला तिचा हंगाम उघडतो आणि तुळशीच्या लग्नाला कसाबसा आवरतो. या काळात आळीत कुणाच्या घरी काय तळलं जातंय, कुणाची भाजणी गिरणीत अडकलीय आणि कुणी गुपचूप विकतचं आणलंय, हे तिला नुसत्या वासावर कळतं. तुम्ही दुकानाची पिशवी लपवा, चकल्या घरच्या ताटात मांडा. आक्का एक चकली मोडणार, ‘मोहन छान पडलंय’ म्हणणार आणि उंबरा ओलांडताना दुकानाचं नाव सांगून जाणार.

करंजी ती आधी कानाशी नेऊन हलवते. सारण खुळखुळलं की ‘खोबरं महागच झालंय बाई’ अशी आपल्या वतीने तीच सबब सांगते आणि खाते. अनारसा उजेडाकडे धरून जाळी तपासते. आणि आमच्या घरचं भडंग? ते तिला फराळ म्हणून मान्यच नाही. सांगलीत राहून हे बोलायला छाती लागते. ‘चुरमुऱ्यांना लसूण चोळला की फराळ झाला होय रे? ते येताजाता तोंडात टाकायचं. दिवाळीला चिवडा पातळ पोह्यांचा. आमच्या साताऱ्याला...’

हे ‘आमच्या साताऱ्याला’ म्हणजे आक्काचं माहेर, यादोगोपाळ पेठ. सांगलीत तिची सारी हयात गेली, पण चांगल्या गोष्टी अजून साताऱ्यालाच होतात. पेढे म्हणजे साताऱ्याचे कंदी, बाकी सगळा खवा. आळीतली पोरं दिवाळीचा किल्ला करायला लागली की ही कमरेवर हात ठेवून उभी. ‘तुम्ही किल्ला करणार कशाकडं बघून? तुमचा गणेशदुर्ग भुईकोट. आमच्या साताऱ्याला मान वर केली की अजिंक्यतारा!’ आळी याचा सूड पावसाळ्यात घेते. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की कुणीतरी तिच्या खिडकीखालून ओरडतोच, ‘आक्का, तुमच्या माहेरचं पाणी निघालं बरं का!’ कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते सगळं आमच्याकडं येतं, त्यामुळे हे खोटंही नाही. आक्का आतून उत्तर देते, ‘माहेरचं आहे, येणारच. तुमच्या त्या अलमट्टी धरणाला म्हणावं, पुढं जाऊ दे.’

पण तिचं खरं वेड डब्यांचं. तिचा प्रत्येक डबा स्टीलचा आणि प्रत्येकावर नाव घातलेलं. पूर्वी भांड्याच्या दुकानात ते मशीन टर्रर्र करत ठिपक्या-ठिपक्यांनी नावं कोरून द्यायचं: देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, तारीख. आक्का कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरली की मांडणीवरची भांडी फिरवून वाचत बसते. माझ्या लग्नातल्या एका पातेल्यावर कुण्या मामांचं नाव आहे. ते मामा मला आठवत नाहीत. आक्काला त्यांची तारीखसुद्धा पाठ आहे.

आणि डबा रिकामा परत करायचा नाही, हा तिचा कायदा. काही नसलं तर चमचाभर साखर घाला, पण रिकामा नको. म्हणजे आक्काच्या चकल्या खाल्ल्या की आपले लाडू गेले. आपले लाडू गेले की तिची कडबोळी आली. पलीकडच्या भाभींकडे दिवाळीत गेलेला डबा ईदला शीरखुर्मा घेऊन परत येतो आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा निघतो. व्यवहार मिटतच नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, ‘आक्का, एकदाचा हिशेब चुकता करून टाकू या.’ तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी घर विकायला काढल्याचं तिला सांगितलं होतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये माहेरचं पाणी खरंच आलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातली तळमजल्याची घरं बुडाली, त्यात आक्काचंही. पाणी उतरल्यावर आम्ही परतलो तेव्हा रस्ताभर गाद्या, कपाटं, भिजून फुगलेली पुस्तकं आणि सगळ्यावर तो चिकट काळा गाळ. गाळात भांडीच भांडी. कुणाची कुठं वाहत गेलेली, कुणाची कुणाच्या न्हाणीत.

बाकीच्यांनी भिंती खरवडायला घेतल्या. आक्काने रस्त्याच्या कडेला बादली मांडली. एकेक भांडं गाळातून काढायचं, खळबळून धुवायचं, अंगठ्याने नाव चाचपायचं आणि हाक मारायची. ‘ए, तुझ्या आजीची परात!’ ‘हा तांब्या भाभींचा. नाव गेलंय, पण हा पोचा मला माहितीय.’ ज्या सवयीला आम्ही इतकी वर्षं नाकं मुरडली, तिच्या जोरावर आळीची अर्धी भांडी आपापल्या घरी पोचली. मामांचं पातेलंही आलं. मामा कोण ते मी तेव्हाही विचारलं नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. पाऊस तोवर रेंगाळलेला, भिंतींना ओल, साठवणीचं धान्य गेलेलं. भाजणी कशाची करणार? आळीत एकाही घरी कढई चढली नव्हती. आदल्या दिवशी आक्काचा भाचा साताऱ्याहून पत्र्याचे मोठे डबे भरून फराळ घेऊन आला. माहेरच्या चार घरांनी मिळून केलेला. आक्काने तो गाळातून सापडलेल्या स्टीलच्या डब्यांत भरला आणि रात्री घरोघर फिरली. आमच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘डब्याची घाई नाही हं.’

सकाळी सात वाजता मी ब्रश तोंडात घालून दाराकडे बघत होतो. ती आली नाही. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी आली नाही. घासलेला डबा ओट्यावर बसून राहिला. इतक्या वर्षांत ते वाक्य पहिल्यांदा खरं निघालं आणि आळीला ते सोसेना. शेवटी संक्रांतीला सगळ्यांनी आपणहून डबे परत नेले, तिळगूळ घालून. पुढच्या दिवाळीत करोना होता; तरी तोंडावर पदर धरून सातला ‘सहज आले होते’ ऐकू आलं, तेव्हा मनातल्या मनात बरं वाटलं. तिला अर्थात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पावणेसातला आली असती.

परवाच्या दिवाळीत समोरच्या नव्या अपार्टमेंटमधल्या बाईंनी आळीत फराळ वाटला. प्लॅस्टिकचे खोके, वर रिबन, आत सगळं मोजून चार-चार. ‘खोका परत नको हं, टाकून द्या,’ असं त्या गोड आवाजात म्हणाल्या. आक्का घरी येऊन धुमसत होती. ‘परत नको म्हणजे काय? तुम्ही परत येऊ नका, असंच ना?’ तिने तो खोका धुतला, उन्हात वाळवला, त्यात कडबोळी भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांची बेल वाजवली.

त्या बाई गोंधळून माझ्याकडे आल्या. खोका हातात तसाच. ‘आता याचं काय करायचं असतं?’

मी म्हटलं, ‘काहीतरी घालून परत द्यायचं.’

‘आणि मग त्या पुन्हा देणार?’

‘देणार.’

‘मग हे थांबतं कधी?’

‘ते काही थांबत नाही. तुम्ही काय घालायचं तेवढं बघा. काहीही चालेल, फक्त भडंग घालू नका.’