हवानाचा हेर आणि वसमतची सून

तीर्थरूप आबा,

जर्मन शिकणाऱ्याने पहिली सलग कादंबरी म्हणून ग्रॅहम ग्रीनची ‘अवर मॅन इन हवाना’ जर्मन भाषांतरातून वाचायला हरकत नाही. मूळ इंग्रजी पुस्तक १९५८चे. जेम्स वर्मोल्ड हा हवानात व्हॅक्यूम क्लीनर विकणारा इंग्रज. दुकान जेमतेम चालते, आणि लेकीला मात्र घोडा हवा असतो. अशा वेळी ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा हॉथॉर्न त्याला एका बारच्या स्वच्छतागृहात गाठतो, बोलणे बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडतो आणि हेर नेमतो. वर्मोल्डला हेरगिरीतले ओ की ठो कळत नाही. तो क्लबच्या सभासदांच्या यादीतून नावे उचलून ती आपले हस्तक म्हणून कळवतो, त्यांचे पगार खिशात घालतो आणि क्लीनरच्या भागांची चित्रे डोंगरातले गुप्त अस्त्र म्हणून लंडनला धाडतो. लंडन हादरते.

शिकाऊ वाचक वर्मोल्डच्याच वाटेने जातो. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे असते. त्यामुळे टेबल, पाऊस, उधारी ही सगळीच मंडळी विशेषनामांसारखी दिसतात, आणि ग्रीनने न नेमलेले हेर वाचणारी सून स्वतःच्या जबाबदारीवर नेमून टाकते. त्यातले बरेचसे पुढच्या पानावर फर्निचर निघतात. गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते, तिथे जर्मनच्या वर्गातली इतर मंडळी कासावीस होतात. मराठी माणूस निवांत असतो, कारण अमक्याने तमक्याचे काय केले हे आपल्याकडेही वाक्य संपल्यावरच कळते. मात्र क्रियापदाचा तुकडा तोडून तो वाक्याच्या टोकाला टाकायची जर्मन खोड वसमतकरांनाही चकवते.

विनोद कळायला सगळ्यात उशीर लागतो. शब्दकोश उघडून हसणे म्हणजे वरात गेल्यावर बँड वाजवणे. पण इथला विनोद बराचसा प्रसंगातच आहे. क्लीनरच्या चित्रापुढे बडे अधिकारी गंभीर बसलेले दिसले, की निम्मे शब्द गळले तरी चालते. सांकेतिक तारा तेवढ्या समजत नाहीत. त्या वर्मोल्डलाही जड जातात. उत्तरार्धात कागदावरच्या हस्तकांच्या नावाची खरी माणसे संकटात सापडतात, एक वैमानिक मरतो, आणि शब्दकोश आपोआप बाजूला पडतो. दुसऱ्या महायुद्धात ग्रीन स्वतः त्याच खात्यात होता, त्यामुळे कचेरीतली गंमत ऐकीव वाटत नाही.

वर्मोल्डसारखा दुकानाआडचा दुसरा उद्योग आपल्या वसमतच्या हिंगोली जिल्ह्याला नवा नाही. फिलिप मेडोज टेलरच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हिंगोली छावणीतल्या हरिसिंग नावाच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत आहे. त्याने मुंबईहून कापड आणायचा परवाना काढला, कापडाच्या खऱ्या मालकाला बरोबरच्या माणसांसह वाटेत मारले आणि त्याच परवान्यावर माल आणून छावणीत राजरोस विकला. खुद्द टेलरचाही या गृहस्थाशी व्यवहार होता. हरिसिंगाच्या दुकानाआड ठगांची टोळी होती. वर्मोल्डच्या दुकानाआड काहीच नव्हते, आणि सरकारने दचकायचे ठरवले ते त्यालाच. लबाडी उघडी पडल्यावरही खाते स्वतःची अब्रू वाचवायला वर्मोल्डला किताब देते. भाषेच्या परीक्षेत अशी सोय नाही. अंदाजाने ठोकलेल्या उत्तराला तिथे भोपळा मिळतो.

पुढच्या पार्सलात वसमतची हळद पाठवताना पुडीवर ‘हळद’ असे ठळक इंग्रजीत लिहावे. बिननावाची पिवळी भुकटी पाहून इथल्या कस्टमवाल्यांच्या मनात लंडनच्या साहेबांसारखे काही येऊ नये.



आपली सून