अपडेटचे अव्वल कारकून

सूर्य नित्यनेमाने उगवतो याबद्दल ज्यांची तक्रार नसते, परंतु उगवण्यापूर्वी त्याने आपली मंजुरी घेतली असती तर सकाळ अधिक कायदेशीर झाली असती असे ज्यांना मनापासून वाटते, अशा गृहस्थांचा एक वर्ग आपल्या समाजात आहे, आणि आमच्या सोसायटीतील भाऊसाहेब हे त्या वर्गाचे अग्रगण्य प्रतिनिधी होत. तहसील कचेरीत उभी हयात घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या भाऊसाहेबांच्या हातून दप्तर गेले आणि मुलाने घेऊन दिलेला स्मार्टफोन आला, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये शिरून ‘डोन्ट ऑटो-अपडेट ॲप्स’ या ओळीपुढील ठिपका कायम केला आणि त्या यंत्रावर कचेरीचा अंमल बसवला.

तेव्हापासून रोज सकाळी, चहाची बशी बाजूला सारून आणि चष्मा नाकाच्या मध्यावर आणून, भाऊसाहेब प्रलंबित अपडेटांची सुनावणी घेतात. त्यासाठी त्यांनी एक लांबट वही आखली असून अनुक्रमांक, ॲपचे नाव, एमबीमधील आकार आणि शेरा अशा तिच्या चार रकान्यांत ‘तूर्त तहकूब’ हा शेरा सर्वांत अधिक आढळतो. जमिनीच्या फेरफाराची नोंद प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधितांना १५ दिवसांची नोटीस देण्याची महसुली रीत हाडीमासी खिळलेली असल्यामुळे, आलेले प्रत्येक अपडेट ते १५ दिवस जागच्या जागी थोपवून धरतात. दरम्यान सोसायटीत कोणाचा फोन अडला, कोणाच्या व्हॉट्सॲपमधले बटण नाहीसे झाले, याची जिन्यात तोंडी चौकशी होते, आणि हरकत न आल्यासच ‘मंजूर’ असा शेरा पडून त्यांचा अंगठा पडद्यावर टेकतो.

या धोरणास आधार नाही असे मात्र कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ येऊन डेटा स्वस्त होण्यापूर्वीचे, एकेक एमबी जपून वापरण्याचे दिवस भाऊसाहेबांनी पाहिले आहेत. शिवाय नवी आवृत्ती खुद्द कंपन्यासुद्धा पुष्कळदा प्रथम थोड्याच ग्राहकांकडे धाडून अंदाज घेतात, तेव्हा पहिल्या पंगतीस बसण्याची घाई आपणच का करावी, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. पंचाईत एवढीच की, ज्या तपासणीसाठी हा सारा खटाटोप, ती तपासणी कधी घडतच नाही. कारणादाखल ‘बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स’ एवढीच ओळ अपडेटाखाली वारंवार झळकते. ‘किरकोळ दुरुस्त्या केल्या व काम सुधारले’ एवढ्याच मजकुराची टिपणी एखाद्या तलाठ्याने कचेरीत पाठवली असती, तर ‘कोणत्या दुरुस्त्या? सविस्तर खुलासा व्हावा’ असा शेरा मारून भाऊसाहेबांनी ती परतीच्या टपालाने धाडली असती. येथे मात्र तीच ओळ ते गंभीर मुद्रेने दोनदा वाचतात आणि मंजुरी ठोकून देतात.

पेच पडला तो वाण्याच्या दुकानात. गूळ-शेंगदाणे पिशवीत पडले, मागे रांग लागली, आणि पैसे देण्याच्या ॲपने आधी अपडेट केल्याखेरीज उघडण्यास साफ इनकार केला. हे अपडेट अद्याप नोटिशीच्या मुदतीत आहे, असे भाऊसाहेबांनी शांतपणे समजावले. वाणी त्याहून शांतपणे म्हणाला, “मग पिशवीपण मुदत संपेस्तोवर इथंच राहू द्या की, भाऊसाहेब.”

रिकाम्या हातांनी घरी परतलेल्या सासऱ्यांस, संगणकाच्या नोकरीत असलेल्या सुनेने त्या संध्याकाळी त्यांच्याच कायद्यात गाठले. “बाबा, मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती दिली. ज्यांनी ती बसवलीच नाही, त्यांच्यावर मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामची धाड पडली; इंग्लंडातली इस्पितळंसुद्धा अडून बसली. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठं आहे ते चोरालाही कळतं. तुमची १५ दिवसांची नोटीस हरकतदाराला नाही, चोराला पोचते.”

गुळाची पिशवी अडकल्याने जे साधले नव्हते ते या वाक्याने साधले. कारण नोटीस भलत्याच इसमावर बजावली गेल्याचा आक्षेप सबंध नोकरीत त्यांच्यावर कोणी घेतला नव्हता. दुसऱ्याच दिवशी सेटिंगमधील ठिपका ‘फक्त वाय-फायवर’ या ओळीपुढे सरकला. आता रात्री फोन चार्जिंगला लागून घर निजले की ॲप्स परभारे आपापले फेरफार उरकून घेतात. आणि सकाळी भाऊसाहेब अलीकडे अपडेट झालेल्या ॲप्सची यादी उघडून, वहीत नव्याने आखलेल्या पाचव्या रकान्यात, एकेकापुढे लाल शाईने नोंदवतात: ‘कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे. यापुढे पूर्वमान्यतेशिवाय असे घडू नये.’