मिशा मोजून घ्या

काश्मीरला ट्राउट धरणाऱ्यांचं बरं असतं. अंगावर गुलाबी पट्टा दिसला की रेनबो, फिकट कड्यातले तांबडे ठिपके दिसले की ब्राउन. आमच्या वर्ध्यात धाम नदीच्या काठी गळ टाकून बसणाऱ्याला असली सोय नाही. इथं रोहू, कतला, मृगळ तिघंही चंदेरी, आणि काठावर टेकलेला प्रत्येक माणूस जाणकार. त्यातून जिल्हा गांधी-विनोबांचा, दारूबंदीचा. वेळ काढायला वाद सोडून उरतं काय?

"रोहू हाय."

"काहाचा रोहू! मिरगल हाय थो."

भांडण मिटवायचं तर तोंड पाहावं, माशाचं. कतल्याचं डोकं भलंमोठं, खालचा जबडा पुढे, तोंड वर वळलेलं. कारण त्याचं खाणं पाण्याच्या वरच्या थरात तरंगत असतं. मिशा त्याला नाहीतच. रोहूचे ओठ जाड, खालच्या ओठाला झालर, परांवर लालसर झाक. हा मधल्या थरातला. मृगळ सडपातळ, तोंड खालच्या अंगाला, जेवण तळाच्या गाळात. तिघांना एकाच तळ्यात सोडतात ते याच हिशोबानं. कुणाचं ताट कुणाच्या आड येत नाही. रोहू-मृगळाच्या मिशा असून नसल्यासारख्या. ओठांशी मिशांच्या दोन जोड्या स्पष्ट दिसल्या, तर तो सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, मग वाद तिथंच संपवावा. मरळीसाठी तर चष्माही लागत नाही, डोकंच सापाचं.

गंमत अशी की रोहू आणि मृगळ मुळात गंगेच्या खोऱ्यातले. पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारे हे मासे तळ्यात काही केल्या वीत नसत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळला हिरालाल चौधरींनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांना अंडी घालायला लावलं, आणि पुढे त्यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, गावोगावच्या तलावांत जाऊन पडली. बोर धरणातला रोहू अस्सल वर्ध्याचा, असं छातीठोक सांगणाऱ्याला हे ऐकवून बघा. तो गळाला नवं आमिष लावतो, उत्तर देत नाही.

बाजारात मात्र ही सगळी विद्या पाण्यात. टोपलीत मासोळी कुठलीही असो, गिऱ्हाईक नवखं दिसलं की ती रोहूच असते.

"मावशी, याच्या ओठाला झालर कुठाय?"

"मंग तुमाले ओठ खायाचे हायेत का, भाऊ?"

तोवर विळीवर मुंडकं वेगळं झालेलं असतं, म्हणजे पुरावाही गेला.