आगाऊ सूचना

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक या बाजूला मुलाकडे सहा महिने राहायला आलेले काका पुष्कळ. कुणी नातवाला शाळेत सोडतं, कुणी मंडळाच्या कार्यक्रमात आरतीचा वेग ठरवतं. यांतच एक जात आहे आगाऊ सूचनेच्या काकांची. पुण्यात कुठल्याशा सरकारी खात्यातून हे निवृत्त झालेले असतात आणि सकाळचा चहा झाला की दाराबाहेरची टपालपेटी उघडतात. त्या पेटीत येतं ते मुलाला कचरा वाटतं. काकांच्या लेखी तो पत्रव्यवहार असतो.

'आपल्या रस्त्यावर अमुक तारखेपासून केबल टाकण्याचे काम सुरू होईल' अशी पहिली चिठ्ठी हाती पडते आणि काकांचा मुक्काम सार्थकी लागतो. उभ्या आयुष्यात रस्ता खणणाऱ्याने त्यांना आधी काही कळवलेलं नसतं. कोथरूडला डांबर वाळायच्या आत चर निघायचा. कोणाचं काम म्हणून विचारलं की कामगार म्हणायचा, "साहेब येतील." साहेब चर बुजवल्यावर यायचे, तेही दुसऱ्या खात्याचे. इथे खणणाराच पत्र पाठवतो आणि वर फोन नंबर देतो! शंका आली तर विचारा म्हणे. काकांना शंका नाही असं होईल कसं?

मग नातवाच्या लॅपटॉपवर अभ्यास सुरू होतो. १९९७ चा दूरसंचार कायदा, परिशिष्ट ३. कंपनीला रस्ता बंद करायचा, अरुंद करायचा किंवा त्याखाली काही टाकायचं असेल, तर रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याला किमान १० कामकाजाचे दिवस आधी लेखी नोटीस. कुणाच्या जमिनीत शिरायचं असेल तर मालकाला आणि राहणाऱ्यालाही तितकीच. पाणी, गॅस, वीजवाल्यांसाठी व्हिक्टोरिया राज्याचा २००४ चा रस्ते व्यवस्थापन कायदा. किरकोळ कामं सोडली तर आधी कळवा, संमती घ्या, खणून झाल्यावर रस्ता होता तसा करा आणि पुढे १२ महिने त्याची निगा राखा. हे बारा महिन्यांचं कलम काका जेवताना मोठ्याने वाचून दाखवतात. सून वाढता वाढता "हो का बाबा" म्हणते. तिला पुण्यातल्या रस्त्यांचा अनुभव नसावा; ती नागपूरची. (नागपूरकरांनी पत्रं पाठवू नयेत.)

फुटपाथवर रंगाच्या फवाऱ्याने खुणा उमटल्या की काका त्या पत्रिकेसारख्या वाचतात. केशरी म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, पांढरा टेलिफोन-इंटरनेट. "बुधवारी गॅसवाले येणार," असं ते शेजारच्या ग्रीक आजोबांना सांगतात. गुरुवारी गॅसवाले येतात. चूक एका दिवसाची. पुण्यात ती एका निवडणुकीची असते.

एवढं ज्ञान झालं की काकांना हरकत घ्यायची असते. हरकतीचं कलम आहेच. लहानसहान यंत्रणेचं काम असेल तर काम सुरू व्हायच्या किमान ५ कामकाजाचे दिवस आधी लेखी हरकत पाठवायची, मिटलं नाही तर प्रकरण दूरसंचार लोकपालापर्यंत नेता येतं. काका बाह्या सरसावतात. तेव्हा मुलगा हळूच सांगतो की चर निघणार आहे तो घरासमोरच्या नेचर स्ट्रिपमध्ये. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली ही हिरवळीची पट्टी कापायची आपण, पाणी घालायचं आपण, मालकी मात्र काउन्सिलची. कायद्याची नोटीस काउन्सिलला गेली, आपल्या पेटीत आला तो नुसता शिष्टाचार. काका दोन दिवस गवत कापत नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांना अपवादाचं कलम सापडतं. जीविताला धोका असेल किंवा काम तातडीचं असेल तर नोटिशीशिवाय खणता येतं. काकांचा चेहरा उजळतो. "म्हणजे आमच्याकडे सगळं या कलमाखाली चालतं," ते म्हणतात. माझ्या मते पुण्याच्या रस्त्यांचा इतका उदार अर्थ आजवर कुणी लावलेला नाही.

आणि मग एका सकाळी नेचर स्ट्रिपवर खड्डा दिसतो. त्यात कढीपत्त्याचं रोप. तिथे झाड लावायला बहुतेक काउन्सिलांची परवानगी लागते, हे काकांनीच भिशीत चार जणांना सांगितलेलं. खणण्याआधी ११०० वर विचारा, जमिनीखालच्या तारा-नळांचे नकाशे फुकट मिळतात; २०२२ पर्यंत 'डायल बिफोर यू डिग' म्हणत, आता 'बिफोर यू डिग' म्हणतात, इथवर त्यांना पाठ. मुलगा विचारतो, "बाबा, कुणाला कळवलंत?" काका हात धुता धुता म्हणतात, "मुळं सुकत होती रे. तातडीचं काम."

रोप धरलंय. तिकडे राहणाऱ्या कुणाला फोडणीला पानं हवी असतील तर खुशाल जावं. फक्त १० कामकाजाचे दिवस आधी लेखी कळवावं, काका नोंद ठेवतात.